प्रार्थनेतले राजाचे नाव

१७७६ सालच्या ४ जुलै रोजी, अमेरिकेतील वसाहतींच्या काँग्रेसने ज्या दिवशी फिलाडेल्फिया शहरात स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला त्याच दिवशी, त्याच शहरातील क्राइस्ट चर्च या मंदिराच्या कारभारी मंडळाची बैठक भरली आणि इंग्लंडच्या राजासाठी उपासनेत जी प्रार्थना म्हटली जाते ती यापुढे म्हणू नये, असा एक लहानसा ठराव तिने मंजूर केला. तेथील मुख्य धर्मोपदेशक जेकब डुशे यांच्या छापील प्रार्थनापुस्तकात राजाच्या नावावर शाईची रेघ ओढली गेली. जाहीरनाम्याची कीर्ती दिगंत झाली आणि ही रेघ पुस्तकाच्या पानातच राहिली; पण मला ती अधिक बोलकी वाटते, कारण राज्य बदलले म्हणजे नेमके काय बदलले हे सामान्य श्रद्धाळू माणसाला कळते ते सभागृहातल्या भाषणांवरून नव्हे, तर रविवारी गुडघे टेकल्यावर ओठांवर आलेले नाव गिळावे लागते तेव्हा.

ही रेघ ओढणे दिसते तितके सोपे नव्हते. इंग्लंडच्या धर्मसभेत राजा हाच धर्मसभेचाही शास्ता. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात सकाळ-संध्याकाळच्या उपासनेत त्याच्यासाठी प्रार्थना नेमून दिलेली. आणि दीक्षा घेताना प्रत्येक धर्मोपदेशकाने राजनिष्ठेची शपथ वाहिलेली. प्रार्थना म्हणावी तर शेजारी देशद्रोही ठरवणार, गाळावी तर शपथभंगाचे पातक. या पेचात सापडलेल्या अनेक धर्मोपदेशकांनी मंदिरांना कुलपे ठोकणेच पसंत केले. डुशे यांचे चरित्र तर एखाद्या नाटककाराला सुचावे असे आहे. १७७४ च्या सप्टेंबरात पहिल्या काँग्रेसपुढे त्यांनी त्या दिवसासाठी नेमलेले पस्तिसावे स्तोत्र वाचले. माझ्याशी लढणाऱ्यांशी, देवा, तू लढ, अशी त्याची याचना. सभा इतकी हेलावून गेली की तिचा एक सदस्य जॉन ॲडम्स याने पत्नीला पत्र लिहून तो प्रसंग कळवला. पुढे १७७७ त इंग्रज फौजेने शहर घेतले, डुशे यांना एक रात्र कैदेत काढावी लागली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी वसाहतींचा सेनापती वॉशिंग्टन याला लांबलचक पत्र लिहून स्वातंत्र्याचा जाहीरनामा मागे घ्यावा असा आग्रह धरला. वॉशिंग्टनने ते पत्र काँग्रेसच्या हवाली केले, आणि डुशे इंग्लंडला निघून गेले. त्यांना फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला मात्र असे वाटते की कागदावर खोडलेले नाव त्यांच्या अंतःकरणात खोडले गेले नव्हते, एवढीच ती शोकांतिका आहे.

राज्यकर्त्यासाठी प्रार्थना करण्याची ही चाल ख्रिस्ती राजे होण्याच्या फार पूर्वीची, किंबहुना तिच्या उगमापाशी राजा परकाच आहे. बाबेलोनात बंदिवान होऊन गेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमेहून जे पत्र पाठवले त्यात, ज्या नगराने तुम्हांला धरून नेले त्याच नगराच्या कल्याणासाठी देवाला विनवा, असा विलक्षण उपदेश आहे. पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी विनंत्या कराव्यात असे सांगितले आहे, आणि ते राजे ख्रिस्ती नव्हते, रोमी होते. इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने रोमी अधिकाऱ्यांना उद्देशून आपले समर्थन लिहिले, तेव्हा त्याचा युक्तिवाद असा होता: आम्ही सम्राटासाठी दीर्घायुष्य मागतो, निर्वेध राज्य मागतो, शूर सैन्य आणि विश्वासू सिनेट मागतो, हात पसरून, उघड्या मस्तकाने, कोणी शब्द सांगण्याची वाट न पाहता अंतःकरणातून मागतो, मात्र त्याला देव म्हणणार नाही. मराठीत हा भेद दोन प्रत्ययांत सांगता येतो. सम्राटासाठी प्रार्थना करू, सम्राटाची करणार नाही. चतुर्थी आणि षष्ठी यांच्यामधील एवढ्याशा अंतरासाठी त्या काळी माणसांनी प्राण दिले.

साम्राज्यच ख्रिस्ती झाले आणि हे अंतर बुजत गेले. ज्याच्यासाठी अर्ज करावयाचा तोच अर्जाचा मसुदा ठरवू लागला; विजयासाठी प्रार्थना करा, अमुक दिवशी उपवास करा, अशी फर्माने सुटू लागली, आणि दोन्ही बाजूंच्या फौजा एकाच देवाच्या हुजुरात परस्परांविरुद्ध फिर्यादी दाखल करू लागल्या. या दरबारी वहिवाटीची एक गंमतही आहे. गुड फ्रायडेच्या रोमी उपासनेत सम्राटासाठी एक प्रार्थना होती. १८०६ साली पवित्र रोमन साम्राज्यच विसर्जित झाले, त्यामुळे ती म्हणण्याचे प्रयोजन उरले नाही; तरी उपासनाग्रंथाच्या पानावर ती तशीच छापली जात राहिली, आणि १९५५ च्या सुधारणेतच तिच्या जागी शासन चालवणाऱ्यांसाठीची प्रार्थना आली. गादी रिकामी होऊन दीडशे वर्षे लोटली, अर्ज मात्र दप्तरी कायम!

राष्ट्रासाठी केलेली प्रार्थना राष्ट्राला खुपते केव्हा, याचे उदाहरण १९३८ च्या जर्मनीत सापडते. चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नावरून युद्धाचे ढग जमले होते. हिटलरच्या धर्मनीतीला विरोध करणाऱ्या ‘कन्फेसिंग चर्च’च्या नेतृत्वाने ३० सप्टेंबरच्या उपासनेसाठी एक प्रार्थनाक्रम आपल्या धर्मोपदेशकांकडे धाडला. त्यात विजयाची मागणी नव्हती. स्वतःच्या राष्ट्राच्या पापांची कबुली होती, आणि युद्ध टळावे अशी याचना होती. म्युनिकचा करार झाल्यामुळे तो क्रम वापरण्याची वेळच आली नाही. तरीही हिटलरच्या एसएस दलाच्या मुखपत्राने त्यावर राजद्रोहाचा शिक्का मारला, आणि ज्यांनी पाठीशी उभे राहावयाचे त्या काही बिशपांनीच त्यापासून अंग काढून घेतले. आरोप करणाऱ्यांची समजूत चुकली होती असे मला वाटत नाही; त्यांना नेमके उमगले होते. जो आपल्या राष्ट्राला देवापुढे आरोपीच्या जागी उभे करतो, तो त्या राष्ट्राला देव मानीत नाही, आणि त्या राजवटीला तर राष्ट्राला देव मानणेच हवे होते. असेच पुढे ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातील फॉकलंडच्या युद्धानंतर, १९८२ च्या जुलैत, लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधील उपासनेत आर्चबिशप रन्सी यांनी अर्जेंटिनातील शोकाकुल कुटुंबांचेही स्मरण केले, तेव्हा विजयोत्सवाची अपेक्षा धरलेल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. रन्सी स्वतः दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यावर लढून शौर्यपदक मिळवलेले. त्यांच्या देशप्रेमाबद्दल शंका घेणे त्या टीकाकारांनाही अवघड गेले असावे.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी एका अंगाने जाचक होता. ज्या धर्माचे प्रसारक राज्यकर्त्यांच्या वर्णाचे, तो धर्म स्वीकारणाऱ्या मराठी माणसाची प्रार्थना कोणाच्या खात्यावर जमा धरावयाची? १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांना हा संशय आयुष्यभर पुरला. देशभक्तीची कविता लिहिणारा हा कवी हिंदू समाजाला बाटगा वाटे आणि काही मिशनऱ्यांना हट्टी. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि ख्रिस्ताच्या अनुयायांचा एक स्वदेशी बंधुसंघ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. त्याचे नाव ‘देवाचा दरबार’. इंग्रजी राज्यात दिल्ली दरबारांचा थाट मिरवला जात असताना टिळकांनी हा शब्द उचलून भलत्याच गादीपुढे ठेवला, यात मला त्यांच्या सगळ्या राजकारणाचा सारांश दिसतो. १९१९ त ते गेले. दरबार फार टिकला नाही.

१५ ऑगस्ट हा कॅथलिक पंचांगात मरियामातेला स्वर्गात नेल्याचा सण, आणि तो स्वातंत्र्यदिनाच्या कित्येक शतके आधीचा. त्यामुळे वसईपासून गोव्यापर्यंत त्या सकाळी मिस्सा आणि ध्वजवंदन यांची वेळ जुळवावी लागते. मिस्सेत ‘विश्वासूंची प्रार्थना’ येते. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती पुन्हा सुरू करताना तीमथ्याला लिहिलेल्या त्याच पत्राचा हवाला दिला. सामान्य जनांपैकी कोणी तरी, बहुधा एखादी शाळकरी मुलगी, हातातल्या कागदावरून एकेक विनंती वाचते. राज्यकर्त्यांची विनंती आली तरी तीत बहुधा नाव नसते, नुसते पद असते, म्हणून निवडणुका झाल्या तरी कागदावर रेघ ओढावी लागत नाही. त्या विनंतीला सगळी मंडळी एका ओळीचे उत्तर देते. त्यानंतर गावातल्या आजाऱ्यांची विनंती येते, आणि तिलाही तेच उत्तर त्याच सुरात मिळते.