एकच चित्रपट, तीन प्रती

(द्वितीय वर्ष, कला)

आपण सहज म्हणतो, "तो सिनेमा मी पाहिला आहे." पण कोणती प्रत पाहिली, असे कोणी विचारत नाही. पुस्तकाची आवृत्ती आपण विचारतो, शुद्धलेखनाच्या चुका असलेली आवृत्ती बाजूला ठेवतो. मग चित्रपटाच्या बाबतीतच एवढी उदासीनता का? 'सी. आय. डी.' या चित्रपटाच्या तीन प्रती पाहून मला जे समजले, ते वाचकांपुढे ठेवत आहे.

लौजी स्टेशनवरून आत गेले की आमचे गाव लागते. माझे बाबा सातवीपर्यंत शिकले. 1990 नंतर काही वर्षे ते गणपतीत आणि लग्नसराईत रंगीत टीव्ही व व्हिडिओ भाड्याने लावत. ओटीवर टीव्ही, अंगणात सारा गाव आणि एका रात्रीत तीन सिनेमे. त्या धंद्याची आठवण म्हणून आमच्याकडे कॅसेटांची एक पेटी राहिली. नंतर बाजारातून आणलेल्या काही व्हीसीडी तीत पडल्या. अकरावीत असताना मी 'सी. आय. डी.'ची व्हीसीडी लावली आणि अर्ध्या तासात उठले. "बाबा, काय हा तुमचा काळामिट्ट सिनेमा! काही दिसतच नाही," असे म्हणाले. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी तबकडी पुसली आणि पाकिटात घालून ठेवली.

'सी. आय. डी.' 1956 साली प्रदर्शित झाला. निर्माते गुरुदत्त, दिग्दर्शक राज खोसला, छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे आणि संगीत ओ. पी. नय्यर यांचे. एका वृत्तपत्राच्या संपादकाचा खून होतो आणि इन्स्पेक्टर शेखर, म्हणजे देव आनंद, त्याचा तपास करतो. वहिदा रहमान यांचा हा पहिला हिंदी चित्रपट. अशा चित्रपटांना फ्रेंच भाषेत 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असे नाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच समीक्षकांनी ते अमेरिकन गुन्हेपटांना दिले. रात्र, ओले रस्ते, एका बाजूने पडणारा प्रकाश, अर्धा चेहरा उजेडात तर अर्धा अंधारात, ही त्याची भाषा. गुरुदत्तांनी 1951 साली 'बाजी' दिग्दर्शित करून ती मुंबईच्या रस्त्यांवर आणली. या चित्रपटांत अंधारही एक पात्र असतो. म्हणूनच वाईट प्रतीचा पहिला घाव त्याच्यावर बसतो.

आता प्रतींकडे वळू. पहिली बाबांची व्हीएचएस कॅसेट. आमच्याकडच्या पावसाळ्याने तिच्या फितीवर पांढरी बुरशी चढली होती. कर्जतच्या एका मेकॅनिककडून जुना व्हिडिओ दुरुस्त करून घेतला, तेव्हा ती लागली. चित्र थरथरते, खालच्या बाजूला रेषा धावतात, पण काळा रंग मऊ दिसतो. दुसरी प्रत व्हीसीडी. एका तबकडीत सुमारे 74 मिनिटेच मावतात, म्हणून चित्रपट दोन तबकड्यांत तोडलेला. तिसरी डीव्हीडी, ती आमच्या सरांनी दिली.

व्हीसीडीचे चित्र 352 गुणिले 288, म्हणजे सुमारे एक लाख ठिपक्यांचे. सरांच्या डीव्हीडीचे 720 गुणिले 480, म्हणजे सुमारे साडेतीन लाखांचे. पण प्रश्न केवळ ठिपक्यांचा नाही. थोड्या जागेत चित्र बसवण्यासाठी व्हीसीडीत ते दाबून भरतात आणि जिथे बारीक फरक असतात तिथे काटकसर करतात. काळ्यातल्या काळ्या छटा हा तसाच बारीक फरक. त्यामुळे सावलीच्या जागी चौकोनी डाग दिसू लागतात. 'कहीं पे निगाहें कहीं पे निशाना' या गाण्यात कामिनी खलनायकाला गुंतवून ठेवते, ते शेखरला निसटता यावे म्हणून. सारा प्रसंग तिच्या नजरेवर उभा आहे. व्हीसीडीत चेहरा पांढरा ठोकळा आणि डोळे दोन काळे ठिपके. नजरच दिसत नसेल तर गाणे नुसते गाणे राहते. डीव्हीडीवर मी तो प्रसंग पाहिला तेव्हा अकरावीतले माझे बोलणे आठवून मला लाज वाटली. काळामिट्ट होती ती प्रत, मूर्तींचे काम नव्हे. याच मूर्तींना 2008 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार.

डीव्हीडीही निर्दोष नव्हती. चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मधूनमधून क्षणभर एक ठिपका चमकतो. थिएटरमध्ये एक रीळ संपून दुसरे लावण्याची ती ऑपरेटरला खूण असे. डीव्हीडीवर ती दिसते, याचा अर्थ ती मूळ निगेटिव्हवरून नव्हे, तर चालून झिजलेल्या प्रिंटवरून काढली असावी. शिवाय त्या काळचे चित्र जवळजवळ चारास तीन या प्रमाणाचे. आजचा टीव्ही सोळास नऊ. पडदा पूर्ण भरण्याचा हट्ट धरला की माणसे फुगतात, नाहीतर डोकी कापली जातात. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या हा दोष नसून प्रामाणिकपणा आहे.

एक फरक मात्र मला फसवून गेला. व्हीसीडी डीव्हीडीपेक्षा सुमारे सहा मिनिटांनी लवकर संपते. प्रसंग कापले असणार, असे वाटून मी वही घेऊन प्रसंगामागून प्रसंग ताडून पाहिले. एकही कमी नव्हता! कारण असे, की चित्रपटात सेकंदाला 24 चित्रे असतात, तर आपल्याकडच्या पाल टीव्ही पद्धतीत 25. त्यामुळे सारा चित्रपट चार टक्के वेगाने पळतो आणि आवाजही जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. अमेरिकन पद्धतीत काही चित्रे पुन्हा दाखवून वेळ जुळवतात. सरांची डीव्हीडी त्या पद्धतीची होती.

याउलट 'जाता कहाँ है दीवाने' हे गीता दत्त यांचे गाणे तीनही प्रतींत नाही. बाबा म्हणत, "सिनेमात होतं ते." परंतु गाण्याची रेकॉर्ड निघाली, तरी ते चित्रपटातून वगळले गेले होते. बाबांनी ते रेडिओवर ऐकले असणार. तात्पर्य, काय चित्रपटातच नव्हते, काय यंत्राने बदलले आणि काय प्रत काढणाऱ्याने गमावले, हे तीन हिशेब वेगळे ठेवले पाहिजेत.

2023 च्या सप्टेंबरात देव आनंद यांच्या जन्मशताब्दीनिमित्त फिल्म हेरिटेज फाउंडेशनने हा चित्रपट पुन्हा मोठ्या पडद्यावर आणला. आम्हाला ते नंतर समजले. शहरातल्या माणसाला चांगली प्रत मिळते आणि आमच्यापर्यंत प्रतीची प्रत येते. मग आम्हीच म्हणतो, जुने सिनेमे अंधुक असतात. पुस्तकांचेही असेच आहे. गाइड वाचून कंटाळलेली मी कितीतरी दिवस मूळ कादंबरीलाच नावे ठेवत होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबांना डीव्हीडी दाखवली. ते पुढे सरकून बसले. शमशाद बेगम यांचे गाणे सुरू होताच म्हणाले, "अगं, ही जरा खालच्या पट्टीत गातेय. आपल्या कॅसेटवर वर होती." मला जे कळायला वही आणि आठवडा लागला, ते त्यांना कानाने एका ओळीत कळले होते. अकरावीतल्या त्या बोलण्याबद्दल मी त्याच रात्री त्यांची माफी मागितली.