वालाच्या पिवळ्या पानातील विषाणूची ओळख

रायगडच्या किनारपट्टीवर भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल घेतला जातो, आणि अलिबाग-पेणकडची थंडीतली पोपटी, म्हणजे मडक्यात शिजवायचा पदार्थ, याच शेंगांची होते. या पिकाच्या पानांवर हिरव्या-पिवळ्या रंगाची नक्षी उमटली की तिला ‘पिवळा मोझॅक’ म्हणतात; परंतु नुसता पिवळेपणा रोग सिद्ध करत नाही, कारण नत्राची कमतरता किंवा मुळाशी साचलेले पाणी यांमुळेही पाने पिवळी पडतात.

पुण्यात काम करणारे एस. पी. कपूर आणि पी. एम. वर्मा यांनी 1950 साली वालावरील हा नवा विषाणुरोग नोंदवला, तेव्हा रोगट पानाचा रस निरोगी पानावर चोळणे, कलम करणे आणि कीटक सोडून पाहणे हीच मुख्य साधने हाती होती. हा रोग रस चोळून लागत नाही, पांढरी माशी तो पसरवते. विषाणू बेगोमोव्हायरस या गटातला असून त्याचे कण जोडीने चिकटलेले असतात. या गटातील विषाणू एकमेकांसारखे असल्याने प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी फसू शकते; म्हणून पानातून डीएनए काढून पीसीआर पद्धतीने, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती करून, त्यातील अक्षरक्रम वाचतात. विषाणूच्या मुख्य डीएनए-रेणूचा क्रम ज्ञात विषाणूंशी 91 टक्क्यांपेक्षा कमी जुळला, तरच विषाणू नव्या जातीचा मानतात.

बटाट्याच्या बाबतीत याच पद्धतीचा मोठा उपयोग झाला. उत्तर भारतात शेंड्याची पाने वळणाऱ्या बटाट्यात पांढऱ्या माशीनेच पसरणाऱ्या टोमॅटोच्या पर्णगुच्छ विषाणूचा एक प्रकार असल्याचे 2004 साली प्रसिद्ध झाले, आणि मावा ही कीड टाळण्यासाठी आखलेले बियाणे-पिकाचे वेळापत्रक पांढऱ्या माशीपुढे अपुरे का पडते, याचा उलगडा झाला. आंबेगाव-खेडचे शेतकरी पंजाबातून बियाणे आणतात. विषाणू कंदातून पुढच्या पिकात जात असल्याने त्यांच्याही दृष्टीने ही माहिती मोलाची आहे.

वालाचा विषाणू बियाण्यातून पसरत नाही, असा समज दीर्घकाळ होता. तथापि 2018 साली तमिळनाडूतील संशोधकांनी बियाण्यातून प्रसाराचा पुरावा प्रसिद्ध केला. घरचे बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्यांनी म्हणूनच पिवळ्या पडलेल्या झाडांच्या शेंगा पेरणीसाठी बाजूला ठेवू नयेत.