जुना ऑसिलोस्कोप

विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राला ऑसिलोस्कोप म्हणतात. अमेरिकेतील पोर्टलंड येथे १९४६ साली स्थापन झालेल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीची व्हॉल्व्हवर चालणारी अशी जुनी यंत्रे हौशी लोक आजही दुरुस्त करतात.

अशा यंत्रात पुष्कळदा कपॅसिटर बिघडलेला असतो. हा भाग वीज साठवतो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरात ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये द्रवाने भिजवलेला कागद असतो. वर्षानुवर्षांनी तो द्रव सुकतो. मग पडद्यावरची रेषा थरथरते. कधी फ्यूजही उडतो.

नवा कपॅसिटर तेवढ्याच धारकतेचा हवा. त्याची व्होल्टेज सहन करण्याची मर्यादा जुन्यापेक्षा कमी नसावी. धन व ऋण टोके उलटी जोडली, तर तो फुटतोसुद्धा!

या यंत्रांत एक गंमत आहे. सुटे भाग चिनी मातीच्या पट्ट्यांच्या खाचांत जोडलेले असतात. खाचांना चांदीचा मुलामा असतो. साधे सोल्डर ती चांदी शोषून घेते आणि जोड निखळतो. म्हणून थोडी चांदी मिसळलेले सोल्डर लागते. त्याची छोटी गुंडाळी कंपनी यंत्राच्या आतच ठेवत असे. पुढच्या कारागिराची केवढी ही काळजी!

यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरात शेकडो व्होल्ट उरू शकतात. ती वीज रोधकातून काढून टाकल्याशिवाय जाणकार कारागीरही आत हात घालत नाही.