आधारचा बारावा आकडा

२९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. सोहळा सगळ्यांना आठवतो; आम्हा प्रोग्रॅमर मंडळींचा जीव मात्र त्या १२ आकड्यांतल्या शेवटच्या आकड्यात अडकलेला. तो पडताळणीचा. आधीच्या ११ आकड्यांवरून, डच गणिती व्हेरहूफ यांच्या १९६९च्या रीतीने तो काढतात. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर जागच्या जागी कळतं, इंटरनेट लागत नाही. धडगावकडच्या रेंज नसलेल्या पाड्यावर फॉर्म भरणाऱ्याला हा केवढा आधार!

असाच एक फॉर्म आमच्याकडे दुरुस्तीला आला. त्यातला जुना कोड चक्क बरोबर क्रमांक नाकारायचा. मधूनच एखादा स्वीकारायचाही, त्यामुळे चूक अधिकच फसवी. व्हीएस कोडमध्ये ब्रेकपॉइंट लावला. दर आकड्याला प्रोग्रॅम थांबे आणि डीबग कन्सोलमध्ये तेच ते टाइप करावं लागे: स्थान दाखव, आकडा दाखव, इथवरचा निकाल दाखव, पुढे चल. एका क्रमांकाला अशा १२ फेऱ्या. थोड्या वेळाने बोटं सवयीने चालू लागतात आणि डोळे बघायचं सोडतात. डीबगिंगमधला खरा धोका हाच, असं माझं ठाम मत आहे.

शेजारी बसणारी सहकारी शहाद्याचीच. म्हणाली, "दादा, हे त्यालाच सांगून ठेवू या ना."

युक्ती जुनीच. जीडीबी डीबगरमध्ये ब्रेकपॉइंटला आज्ञांची यादी बांधून शेवटी ‘कंटिन्यू’ लिहिता येतं. व्हीएस कोडमध्ये मार्च २०१८च्या आवृत्तीपासून लॉगपॉइंट आहे: महिरपी कंसात हवी ती नावं लिहायची, प्रोग्रॅम न थांबता किमती कन्सोलवर उतरतात. तिने तिन्ही नावं एका ओळीत घातली, चाचणीच्या क्रमांकांची यादी जोडली आणि एफ५ दाबलं.

ओळी झरझर आल्या, आणि एकाखाली एक लागताच दिसलं: शून्य स्थान डावीकडच्या आकड्याला मिळत होतं. व्हेरहूफच्या रीतीत मोजणी उजवीकडून होते, पडताळणीच्या आकड्यापासून. एक ओळ बदलली, बरोबर क्रमांक स्वीकारले गेले. मुद्दाम बिघडवलेले अडले.

यादीतले सगळे क्रमांक तिने १ने सुरू होणारे बनवले होते. आधार क्रमांक ० किंवा १ने सुरू होत नाही. म्हणजे कन्सोलवर कुणाही खऱ्या माणसाचा क्रमांक येणं शक्यच नव्हतं.