मंदीत चित्रं स्वस्त मिळतात, मग लिलावात बोली लावायची का?

१५ सप्टेंबर २००८. अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बँक दिवाळखोरीत निघाली. त्याच दिवशी लंडनमध्ये डेमियन हर्स्ट या कलाकाराच्या कामांचा लिलाव सुरू झाला आणि दोन दिवसांत ११ कोटी पौंडांहून जास्त जमले. कलेला मंदी शिवत नाही, असं वाटायला लागलं. पुढच्या वर्षी तोच बाजार आपटला.

झळ मुंबईलाही बसली. ओशियन्सने २००६ मध्ये आर्ट फंड काढून सुमारे १०२ कोटी रुपये उभे केले होते. चित्रं घ्यायची, तीन वर्षांनी विकून नफा वाटायचा, असा बेत. पैसे परत करायची वेळ आली २००९ मध्ये, नेमकी मंदीत. चित्रं होती, गिऱ्हाईक नव्हतं. गुंतवणूकदार अडकले आणि प्रकरण सेबीपर्यंत गेलं. शेअर पडला तरी त्याच दिवशी विकता येतो, चित्राचं तसं नाही.

त्यातही सगळी चित्रं सारखी पडत नाहीत. जास्त मार बसला तो तेजीत भाव चढलेल्या समकालीन कलाकारांना. जुने मोठे मात्र सावरले. वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये गेले, त्यांची नवी चित्रं येणार नाहीत. २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, सॅफ्रनआर्टच्या लिलावात त्यांचं एक चित्र ३९.९८ कोटींना गेलं.

आता आपल्या खिशाचं बोलू. समजा, बोली १० लाखांवर थांबली. त्यावर लिलावगृहाचं कमिशन, २० टक्के धरा, म्हणजे १२ लाख. जीएसटी वेगळा. उद्या विकताना १० टक्के कापले जाणार असतील, तर नुसते १२ लाख परत यायलाच बोली १३ लाख ३३ हजारांवर जायला हवी. घसरलेल्या भावाचा आनंद इथेच निम्मा होतो.

मीरा रोडहून लोकल पकडून लिलावाआधीचं प्रदर्शन मात्र जरूर बघा. बहुतेक ठिकाणी ते सगळ्यांना खुलं असतं. चित्र आधी कोणाकडे होतं, डागडुजी झाली आहे का, हे बिनधास्त विचारा.

आणखी एक. बहुतेक चित्रांची एक राखीव किंमत असते, ती उघड केली जात नाही. बोली तिथवर पोहोचली नाही तर चित्र विकलं जात नाही. मंदीत अशी चित्रं वाढतात. लिलाव संपल्यावर लिलावगृहाला फोन करून त्यांच्याबद्दल विचारता येतं आणि तेव्हा समोर दुसरा बोलीदार नसतो.