कॅमेऱ्याला उजेड किती हवा?

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत गाड्यांचे सुटे भाग तपासायला आता माणसांच्या जोडीला कॅमेरेही बसले आहेत. मुठीत मावेल एवढी धातूची डबी, पुढे लेन्स, मागे केबल. ॲल्युमिनियमच्या चकचकीत हाउसिंगमध्ये काळी रबरी ओ-रिंग बसली आहे की नाही, एवढंच तिने सांगायचं. पण शिफ्टभर, न थकता, प्रत्येक जॉबबद्दल. त्या उत्तराचा भरवसा बराचसा चित्रात आलेल्या उजेडावर असतो, आणि नेमकं तेच सेटिंग पुष्कळ ठिकाणी घाईत उरकलं जातं.

बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली सीसीडीची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरची, कल्पना मांडली. २००९ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. आज लाइनवर बहुतेक सीमॉस सेन्सर दिसतात, पण हिशेब तोच आहे. पिक्सेलवर प्रकाश पडतो, इलेक्ट्रॉन साठतात, ते मोजले जातात. या मोजणीला निसर्गानेच एक चढउतार लावून दिला आहे, तो साधारण वर्गमुळाएवढा. शंभर इलेक्ट्रॉन जमले तर दहाचा, म्हणजे दहा टक्के. दहा हजार जमले तर शंभरचा, म्हणजे एकच टक्का. चित्र स्वच्छ हवं असेल तर पिक्सेलमध्ये मुळात प्रकाश जास्त जमायला हवा. याला दुसरी पळवाट नाही.

गेनचा मोह इथेच नडतो. सॉफ्टवेअरमध्ये सहा डेसिबल गेन वाढवला की चित्र दुप्पट उजळ दिसतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण इलेक्ट्रॉन तेवढेच असतात. रेडिओवर दूरचं स्टेशन लावून आवाज मोठा केला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसंच हे. गेनचा नंबर सगळ्यात शेवटचा.

मग एक्स्पोजर वाढवावं का? जरूर, पण पट्ट्याचा वेग विचारून. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल तर दोन मिलिसेकंदांत जॉब एक मिलिमीटर सरकतो आणि ओ-रिंगची कड पुसट होते. ती कड एक दशांश मिलिमीटरपर्यंत नीट हवी असेल तर एक्स्पोजरला २०० मायक्रोसेकंदांची मर्यादा आली. एवढ्या वेळात चित्र काळोखं येत असेल तर लेन्सचं अ‍ॅपर्चर उघडता येतं. एक स्टॉप उघडला की प्रकाश दुप्पट होतो, मात्र फोकसची खोली घटते. जॉब थोडा वरखाली बसला तरी कड फिसकटते.

म्हणून खरा उपाय दिव्याचा. एक्स्पोजरच्या क्षणापुरताच पेटणारा एलईडी स्ट्रोब लावला तर, दिवा झेपवेल त्या मर्यादेत, त्यातून नेहमीपेक्षा जास्त करंट सोडता येतो. त्याच्या झोतापुढे छताच्या पारदर्शक पत्र्यातून येणारं दुपारचं ऊन फिकं पडतं. शेडमधल्या दिव्यांवर विसंबू नये: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात आणि छोट्या एक्स्पोजरला एक फोटो उजळ, पुढचा मंद येतो.

हे जमल्यावर उरतं ते शेवटचं जुळवणं. त्यात एक सोपी गोष्ट सर्रास विसरली जाते: गॅमा एकवर ठेवला तर सेन्सरचा आकडा एक्स्पोजरच्या सरळ प्रमाणात वाढतो. २५६ पातळ्यांच्या चित्रात सरासरी ३५ आली, हवी १२५, आणि ब्लॅक लेव्हल, म्हणजे पूर्ण अंधारातही येणारा आकडा, ५ आहे. दोन्हींतून ५ वजा केले की ३० आणि १२०. एक्स्पोजर थेट चौपट करा, ५० चे २०० मायक्रोसेकंद. पाच-पाच टक्क्यांनी चाचपडायची गरज नाही. सरासरी काढायला सगळे पिक्सेल मोजण्याचीही गरज नसते. पन्नास लाखांच्या चित्रात दर दहाव्या ओळीतला दर दहावा पिक्सेल घेतला तरी सहसा भागतं, पण तो ओ-रिंगच्या भागातला हवा, मागच्या पट्ट्याचा नव्हे.

दोन पथ्यं मात्र पाळावी लागतात. बरेच पिक्सेल २५५ ला टेकले असतील तर सरासरी खोटी असते. आधी एक्स्पोजर निम्मं करावं, मग हिशेब मांडावा. आणि नवं सेटिंग पुष्कळ कॅमेऱ्यांत एकदोन फ्रेमनंतर लागू होतं. तेवढं न थांबता सॉफ्टवेअर पुन्हा दुरुस्ती करू लागलं की चित्र उजळ-मंद, उजळ-मंद असं हेलकावत राहतं.

ऑटो एक्स्पोजर रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला शोभतं, तिथे सूर्य कुणाच्या हातात नसतो. तपासणीच्या लाइनवर ते बंदच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. जास्त चकाकणारा जॉब आला की ते चित्र मंद करतं, आणि कालपर्यंत चालणारी पास-फेलची सीमा आज चांगला माल नाकारते किंवा खराब सोडते.

तुमच्या लाइनवर असा कॅमेरा असेल तर उद्या त्याचा गेन किती आहे ते बघा. तो चढवून ठेवलेला आढळला, तर सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी दिवा बदलून घ्या.