लायसन्स कारचं, गाडी मिनीबस!

मागच्या ट्रिपची गोष्ट. पहाटे पाचला होस्टेलच्या दारात मिनीबस उभी आणि ड्रायव्हरकाका तापाने फणफणलेले. "तुझ्याकडे लायसन्स आहे ना? मग चल की!" सगळी पोरं माझ्यामागे लागली. मी नाही म्हटलं. ट्रिप बोंबलली, शिव्याही खाल्ल्या. पण मित्रांनो, नाही का म्हटलं ते सांगतो.

आपल्याला वाटतं, लायसन्स सीटवर ठरतं. कायदा मात्र वजन बघतो. बसचं पूर्ण भारासकट वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर ते हलकं वाहन. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं, की असं वाहन ट्रान्सपोर्टचं असलं तरी कारचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स चालतं. त्याच्या वर नाही. कॉलेजची बस ट्रान्सपोर्ट वाहनातच मोडते. आमच्या बसचं आरसी बुक उघडलं, वजन ७५०० च्या वर!

मग लायसन्स वाढवायचं कसं? वय २० पूर्ण हवं आणि एलएमव्ही लायसन्स काढून किमान एक वर्ष झालेलं हवं. मग ट्रान्सपोर्टचं लर्निंग, डॉक्टरांचा फॉर्म १-ए, ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र आणि शेवटी टेस्ट. हे लायसन्स ५ वर्षांचं असतं.

कटकट आहे खरी. पण वळताना बसचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, हे कार चालवून कळत नाही. चूक माझी झाली असती, आणि मागे बसलेली सगळी पोरं माझ्या भरवशावर असती.